वाहत्या पाण्याचा दाखला

काकांकडे स्वतःचा रबरी शिक्का होता. त्यावर त्यांचं नाव, मिल्टनच्या घराचा पत्ता आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत ‘घरमालक’. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले तेव्हा माझ्या बॅगा अजून जिन्यातच होत्या आणि त्यांनी माझ्या हातात एक टाईप केलेला कागद ठेवला. सदर बाई अमुक तारखेपासून माझ्या घरात राहत आहेत, असा मजकूर, खाली सही आणि सहीवर अर्धा चढलेला निळा शिक्का.

“काका, हे कुणाला द्यायचं?”

“कुणी मागितलं तर.”

“कॅनडात कुणी मागत नाही हो असलं काही.”

“मागतील तेव्हा धावपळ नको,” असं म्हणून ते मला दाराशी घेऊन गेले. बेलशेजारी दोन पट्ट्या होत्या. वरची त्यांच्या नावाची, खालची माझ्या. माझं नाव त्या घरात माझ्या आधी राहायला आलं होतं. या देशात उतरून मला नऊ दिवस झाले होते आणि तोवर एकालाही माझं नाव धड घेता आलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं. काकांना वाटलं स्पेलिंग चुकलं, म्हणून ते चष्मा आणायला आत गेले.

मी सांगलीची. आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘चालतंय की’ हेच असतं, प्रश्न काय होता ते आम्ही नंतर बघतो. काकांना हा शब्द सहन होत नसे. “काय चालतंय? कुणाला चालतंय? कुणी ठरवलं?” असे तीन प्रश्न ते एका दमात विचारत. त्यांनी अठरा वर्षं जर्मनीत, हॉलंडच्या सरहद्दीला चिकटलेल्या एका गावात काढली होती. तिथे सुया बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात ते इंजिनियर होते. पुढे मुलगा कॅनडात शिकायला आला, इथेच राहिला, त्याने त्यांना बोलावून घेतलं. मग मुलाची नोकरी बदलली, तो पार तिकडे पश्चिम किनाऱ्यावर सरेला गेला आणि मिल्टनच्या घरात वर काका आणि खाली भाडेकरू अशी व्यवस्था झाली.

मराठी मंडळात त्यांना ‘जर्मन काका’ म्हणत. ते कौतुकाने नव्हे. गणपतीचा कार्यक्रम चारला म्हणून कळवलेला असे, म्हणजे साडेपाच हे ज्याला त्याला ठाऊक. काका चारला हॉलच्या बंद दाराशी इस्त्रीच्या शर्टात उभे. शेवटी मंडळातल्या एका बाईंनी कंटाळून त्यांना वेगळा मेसेज पाठवायला सुरुवात केली, त्यात खरी वेळ असायची. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी भर कार्यक्रमात विचारलं, “म्हणजे बाकीच्या दोनशे लोकांना तुम्ही खोटं कळवता?” बाईंच्या हातातली प्रसादाची वाटी तशीच राहिली.

सकाळी सातला घरातल्या सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या हा त्यांचा नेम. बाहेर उणे वीस असलं तरी. रात्रीची हवा शिळी होते, ती बाहेर गेली पाहिजे, जर्मनीत हे भाडेकरारात लिहिलेलं असतं, असं ते सांगत. घर तापवणारा फर्नेस बिचारा घोरायला लागायचा. मी पांघरुणात गुरफटून त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असे ते इथे लिहीत नाही. पण अर्धवट झोपेत त्या दहा मिनिटांचं काहीतरी वेगळंच व्हायचं. खिडकी जमिनीच्या पातळीला, बाहेर बर्फ साचलेला, त्यातून निळसर उजेड आत उतरायचा आणि गार हवेचा एक झोत चेहऱ्यावरून हात फिरवून जायचा. आपण कुठे आहोत, कुठल्या गावात, कुठल्या वर्षात, काही म्हणता काही आठवायचं नाही. मग वरून खिडक्या लावल्याचे आवाज येत, एक, दोन, तीन, चार, आणि मी पुन्हा मिल्टनला येत असे.

रस्ता ओलांडण्याची त्यांची तऱ्हा तर गावात प्रसिद्ध होती. सिग्नलला लाल हात दिसतोय, दोन्ही बाजूंना मैलभर गाडी नाही, वारा कानशिलं सोलून काढतोय, आणि काका ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन खांबासारखे उभे.

“काका, चला ना. कोणी नाहीये.”

“लहान मुलं बघत असतात.”

मी चारी दिशांना पाहिलं. मूल सोडा, खारसुद्धा नव्हती. “कुठे आहेत मुलं?”

“असतात,” काका म्हणाले. “खिडकीतून.”

शेजारी एक सरदारजी राहत. ट्रक चालवायचे, सहा दिवस रस्त्यावर. रविवारी त्यांनी लॉनमोवर काढला की काका दारात. जर्मनीत रविवारी आवाज करत नाहीत, ना ड्रिल, ना व्हॅक्यूम, ना गवत कापणं, हे त्यांनी सरदारजींना तीनदा समजावलं. “अंकलजी, संडे ही तो मिलता है मुझे,” सरदारजी हात जोडून म्हणाले. काकांनी त्यावर विचार केला. पुढच्या शनिवारी दुपारी बघते तर काका स्वतः सरदारजींचं गवत कापत होते. मग पुढे प्रत्येक शनिवारी. रविवारी दोघं मागच्या अंगणात चहा घेऊन काही न बोलता बसत. सरदारजींनी मला एकदा हळूच सांगितलं, त्या खुर्चीत लागते इतकी शांत झोप मला बिछान्यातसुद्धा लागत नाही.

काकांच्या वाढदिवसाला मी एक दिवस आधीच शुभेच्छा दिल्या, कारण दुसऱ्या दिवशी फार्मसीत माझी सकाळची शिफ्ट होती. काकांचा चेहरा पडला. आदल्या दिवशी शुभेच्छा देणं तिकडे अशुभ समजतात, माणूस उद्यापर्यंत पोचेल हे तुला काय ठाऊक, म्हणाले. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर ते स्वतःच केक घेऊन माझ्या दाराशी उभे होते. तिकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. पोचलो, एवढंच ते म्हणाले.

हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी ते मला वर कॉफीला बोलवत. बाहेर बर्फ पडत असला की ते नवीन उपनगर पुसून जायचं. सारखी दिसणारी घरं, सारखी गॅरेज, सगळं पांढऱ्यात विरघळायचं आणि काकांचं गाव त्या जागी उभं राहायचं. गरम पाण्याच्या झऱ्यांचा गंधकाचा वास, ओल्या दगडी गल्ल्या, उतरती काळी छपरं. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली खाली जाई. गावाबाहेरच्या टेकडीवर एक दगड होता, जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम तिथे एकमेकांना मिळतात. रविवारी काकू आणि ते चालत तिथवर जात. काकू त्या दगडाभोवती पदर खोचून एक फेरी मारत आणि म्हणत, झाले तीन देश, चला, कुकर लावायचाय.

काकू तिथेच वारल्या. तेव्हा त्यांना तिकडे जाऊन सातवं वर्ष होतं, मुलगा दहा वर्षांचा. एवढं मला माहीत होतं. भिंतीवर फोटो नव्हता आणि काका त्यांच्याविषयी नेहमी चालतानाचं बोलत, आजारपणाचं नाही.

“ती वाईची,” एकदा ते म्हणाले. “तू सांगलीची. म्हणजे तिच्या घाटावरून निघालेलं पाणी तुझ्याकडे येत होतं.” मी मान हलवली. लहानपणी मी नदीत पाय सोडून बसायचे तेव्हा वरच्या अंगाला कुठेतरी काकूही बसल्या असतील, असं मला त्या दुपारी खरंच वाटून गेलं. बाहेर बर्फ पडतच होता.

एप्रिलमध्ये जर्मनीहून एक पाकीट आलं. काकांच्या तिथल्या शेजारीणबाईंचं, त्या आता नव्वदीच्या. आत एक फोटो होता. छोटासा करडा दगड, भोवती जांभळी फुलं, आणि दगडाला चिकटवलेला एक पिवळा कागद. जागेची मुदत संपत आली आहे, संबंधितांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.

मला काही कळेना. काकांनी मग सांगितलं. तिकडे दहन केलं तरी अस्थी घरी देत नाहीत. कलश दफनभूमीतच पुरायचा, असा कायदा. आणि ती जागाही कायमची नसते, वीस वर्षांची. मुदत संपली की वाढवून घ्या, नाहीतर दगड काढतात, जमीन सपाट करतात आणि ती जागा दुसऱ्या कुणाला देतात.

“काकूंच्या अस्थी तिथे आहेत? अजून?”

“डिसेंबरपर्यंत,” काका म्हणाले.

काकूंनी आजारपणात एकच गोष्ट मागितली होती. मला वाहत्या पाण्यात सोडा. कृष्णाच पाहिजे असं नाही, कुठलंही चालेल, पण वाहतं पाहिजे. काकांनी हो म्हटलं होतं.

मुदत वाढवणं सोपं होतं, एक फॉर्म भरून. पण काका म्हणाले, आता तिला काढायचं तिथून. कलश इकडे आणायचा. त्यांनी अर्ज केला. कार्यालयाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, अतिशय नम्र. कलश परदेशी नेण्यास हरकत नाही, मात्र तिथे तो कुठे ठेवला जाणार याचा सक्षम अधिकाऱ्याने दिलेला दाखला जोडावा.

आणि इथे घोडं अडलं. भारतात जाणं शक्य नव्हतं, बायपासनंतर डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. काकांनी जागा ठरवली होती ओकव्हिलची, जिथे मिल्टनकडून वाहत जाणारा ओढा लेक ऑन्टारिओला मिळतो. पण आमच्या प्रांतात तळ्यात अस्थी सोडायला परवानगीच लागत नाही. जिला परवानगी लागत नाही अशा गोष्टीचा दाखला कोण देणार?

एका मंगळवारी मी त्यांना टाउन हॉलमध्ये घेऊन गेले. काउंटरवर एक फिलिपिनो बाई होती, गोड बोलणारी.

“सर, यू डोन्ट नीड अ परमिट फॉर दॅट.”

“मला माहीत आहे,” काका इंग्रजीत म्हणाले. “मला परमिट नकोच आहे. परमिट लागत नाही, असा कागद हवा आहे.”

“पण आम्ही असा कागद देत नाही सर. तुम्ही फक्त जायचं आणि करायचं.”

“फक्त जायचं आणि करायचं,” काकांनी ते शब्द पुन्हा उच्चारून पाहिले. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. उन्हाळा संपत आला, मेपलची एखादी फांदी आधीच लाल झाली, आणि काकांची वाट अडलेलीच होती. माझाही जीव टांगणीला लागला होता. डिसेंबरनंतर काकू कुठे असतील हे कुणालाच सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी मी म्हटलं, “काका, एखाद्या सिमेटरीचं लेटर आणू. जागा आहे म्हणून लिहून देतील. कलश एकदा इकडे आला की कोण बघायला येतंय? सगळे तसंच करतात.”

काकांनी कप खाली ठेवला आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खिडक्या मात्र रोज सातला उघडत होत्या.

नवव्या दिवशी ते जिना उतरून खाली आले. बेसमेंटमध्ये ते कधी न विचारता येत नसत, त्या दिवशीही दार वाजवलं, मग खुर्चीच्या कडेवर बसले.

“तेव्हाही सगळे तसंच करत होते,” ते म्हणाले. “आमच्या घरापासून हॉलंड वीस मिनिटं. तिकडे दहन केलं की महिन्याभराने अस्थी सरळ हातात देतात. जर्मन लोकसुद्धा गुपचूप जायचे. अंत्यविधी करणाऱ्या माणसाने मला स्वतः सुचवलं. म्हणाला, इंजिनियरसाहेब, गाडी मी काढतो, तुम्ही फक्त हो म्हणा.”

“मग?”

“मी म्हटलं, आमचा पत्ता इथला आहे, तर कायदाही इथलाच.” त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले. “माणूस माझ्याकडे बघत राहिला. मुलगा शेजारी उभा होता.”

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. बाईने एक गोष्ट मागितली, ती वीस मिनिटांवर होती, आणि या माणसाने कायदा बघितला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

शेवटी टाउन हॉलमधली ती फिलिपिनो बाईच कामी आली. तिने काकांना एक ईमेल पाठवला होता, दोन ओळींचा. आपण बोललो त्याप्रमाणे, यासाठी कसलीही परवानगी लागत नाही, काळजी घ्या. काकांनी त्याची प्रिंट काढली आणि सोबत जर्मनमध्ये चार पानी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी सगळं खरं लिहिलं. असा दाखला अस्तित्वात नाही, तो मी कोणत्या तीन दिवशी मागितला, मला काय उत्तर मिळालं, पत्नीने काय मागितलं होतं आणि मी ते केलं नाही.

ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं. काकांनी ते मला वाचून दाखवलं, आधी जर्मनमध्ये, मग मराठीत. अर्ज मंजूर. सोबत भरलेला फॉर्म होता. अंतिम ठिकाण या रकान्यात रस्ता, घर क्रमांक आणि पिनकोडच्या जागी कुणीतरी पट्टीने तीन सरळ रेघा मारल्या होत्या, आणि गाव या शब्दापुढे टाईप केलं होतं, लेक ऑन्टारिओ. खाली तिथल्या एका कारकून बाईची सही होती; तिला आम्ही कधी पाहिलं नाही. तिने नियम मोडला नव्हता, त्या कागदावर एक तळं बसवून दिलं होतं. काका फॉर्म पुन्हा पुन्हा हातात घेत होते आणि मी भराभर डोळे पुसत होते.

कलश टोरोंटोच्या एका फ्युनरल होममध्ये आला. परतताना गाडीत काकांनी तो मांडीवर घेतला आणि वरून सीटबेल्ट लावला. आता ते सरेला मुलाकडे असतात, त्यांचा फोन आला की मला ती गाडी आठवते. हायवे संपूच नये असं वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही ओकव्हिलला गेलो. तळ्यावर धुकं होतं, पलीकडचा किनारा तर तसाही दिसत नाही, त्यामुळे पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते ठरवता येत नव्हतं. ओढा धक्क्याच्या कडेने हळूहळू येऊन त्यात मिसळत होता. एक बाई कुत्र्याला फिरवत गेली, गुड मॉर्निंग म्हणाली. काका एका हातात कलश आणि दुसऱ्या हातात कागदांची फाइल घेऊन बाकाशेजारी उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्यांनी कोट आणि टाय घातला होता.

“काका, उतरायचं ना?”

“इथे कोण असतं?”

“कुणी नसतं काका.”

“मग सांगायचं कुणाला?” ते म्हणाले.

चला आता, कशाला पाहिजे कुणी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फाइल अर्धवट पुढे धरून उभे होते. मी बाकावर बसले आणि हात पुढे केला.

“मला दाखवा कागद.”

काकांनी फाइल दिली. मी एकेक पान उलटत गेले, जर्मन मला ओ की ठो कळत नव्हतं तरी प्रत्येक पानावर थांबले. मग विचारलं, “नाव?”

त्यांनी काकूंचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.

“जन्मगाव?”

“वाई.”

“इतकी वर्षं का लागली?”

हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. तो माझा होता, माझ्या रागाचा होता. काकांनी तो टाळला नाही.

“मी भ्यालो,” ते म्हणाले. “व्हिसा दरवर्षी वाढवून घ्यावा लागायचा. सरहद्दीवर कुणी अडवलं, गुन्हा नोंदला, तर मला आणि मुलाला परत पाठवतील असं वाटलं. कायदा वगैरे मी नंतर म्हणायला लागलो.”

माझा वर्क परमिट तेव्हा चार महिन्यांत संपणार होता. मी त्याची तारीख दिवसातून दोनदा बघत असे. माझा राग कुठे गेला कळलंच नाही, आणि मला या माणसाची माया आली. मी फाइल मिटली.

“कागद बरोबर आहेत,” मी म्हटलं. “सोडा.”

काकांनी मान हलवली. कलश छातीशी धरून ते उताराने खाली गेले आणि बूट न काढता पाण्यात शिरले, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मी मागे उभी होते. धुक्यात त्यांची नुसती एक काळी आकृती दिसत होती, वाकलेली, बराच वेळ काहीतरी बोलणारी. शब्द ऐकू येत नव्हते, आणि ते माझ्यासाठी नव्हतेही. एकदाच वारा माझ्याकडे वळला तेव्हा एवढंच कानावर आलं, “पाणी गार आहे गं.”